दोन माणसांवरची संध्याकाळची ओपीडी

चोपड्यासारख्या तालुक्याच्या गावात खासगी दवाखान्याची संध्याकाळची ओपीडी पाच ते नऊ चालते, आणि तिथली जवळजवळ सगळी माणसं अर्धवेळ असतात. सिस्टर सकाळी दुसऱ्या हॉस्पिटलला, केसपेपरवरचा मुलगा दिवसभर कॉलेजात, मावशी दुपारपर्यंत शेतात. डॉक्टर सोडून चार जण लागतात: केसपेपर आणि फोनला एक, वजन-बीपी-ड्रेसिंगला एक सिस्टर, इंजेक्शन-सलाईनला दुसरी, आणि मावशी. यातली दोन माणसं आली नाहीत तर उरलेल्या दोघांनी चार तास कसे काढायचे, ते आम्ही जसं करत आलो तसं इथे लिहिलं आहे.

माणूस अचानक गेला असं आपण म्हणतो, पण खान्देशात त्याचं पंचांग ठरलेलं असतं. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात, आणि सिस्टरही कुणाची तरी लेक असते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी विसर्जन. सगळी भाऊबंदकी एका घरात जमलेली असताना मावशीला ‘दोन तास येऊन जा’ म्हणू नये. दसऱ्यापासून पुढे कापूस वेचणी. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, त्या दिवसांत बाई पहाटे निघते आणि संध्याकाळी तिची कंबर उभी राहत नाही. मार्चमध्ये परीक्षा, एप्रिल-मेमध्ये लग्नं. हे सगळं वर्षाच्या सुरुवातीलाच प्रत्येकीला विचारून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवायचं. मग उरतात त्या खऱ्या अचानक रजा: ताप, घरातलं आजारपण, बंद पडलेली गाडी.

अडचण अशी की माणसं कमी असतात त्याच दिवसांत पेशंट वाढतात. लग्नाच्या पंगतीनंतर जुलाब-उलट्यांचे दहा जण एका टेम्पोतून उतरतात. मे महिन्यात उन्हाचा तडाखा. कपाशीवर फवारणी चालू असते तेव्हा औषध अंगावर आलेले. म्हणून ‘आजचा दिवस कसाबसा काढू’ म्हणून चालत नाही. आधी आकडे मांडावे लागतात.

साठेक पेशंटची संध्याकाळ धरा. एक इंजेक्शन नीट द्यायचं तर चिठ्ठी वाचणं, नाव विचारणं, भरणं, देणं, सुई कापणं आणि नोंद करणं मिळून चार मिनिटं जातात. पंचवीस इंजेक्शनं म्हणजे १०० मिनिटं. एका ड्रेसिंगला बारा मिनिटं, आठ ड्रेसिंगला ९६. तीन नेब्युलायझरना हातची पाच-पाच मिनिटं, म्हणजे १५. दोन ईसीजीला आठ-आठ, १६. चार सलाईन, लावणं आणि मधेमधे बघणं धरून दहा-दहा मिनिटं, ४०. बेरीज २६७ मिनिटं. आणि एका सिस्टरकडे पाच ते नऊ मिळून असतात २४०. यात अजून वजन नाही, बीपी नाही, पाणी प्यायला वेळ नाही. म्हणजे कितीही पळापळ केली तरी हे गणित बसत नाही, आणि ते बसवायला गेलं की चोरी होते ती इंजेक्शनच्या चार मिनिटांतून. नाव विचारणं गळतं, नोंद गळते, सुई कापायची राहते.

म्हणून पहिलं काम: काय करायचं नाही ते ठरवणं. सगळं थोडं थोडं करत राहणं हा सगळ्यात वाईट मार्ग आहे, कारण त्यात नेमकं काय अर्धवट राहिलं ते कुणालाच कळत नाही. ही यादी डॉक्टरांशी शांत दिवशी बोलून, एका कागदावर लिहून, त्यांची सही घेऊन ड्रेसिंगच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवायची. गर्दीत उभ्या उभ्या विचारलं तर डॉक्टर म्हणतात, ‘करून टाका हो’, आणि करणारे हात दोनच असतात.

आमच्या कागदावर पहिली ओळ ड्रेसिंगची आहे. टाके घातलेली जखम कोरडी असेल, लाली नसेल, पाझरत नसेल, तर पहिल्या ४८ तासांनंतर तिला रोज उघडून पुन्हा बांधायची गरज नसते. तरी लोक रोज येतात, कारण रोज या असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. अशांना टाके काढायची तारीख लिहून द्यायची: चेहऱ्याचे साधारण ५ दिवसांनी, डोक्याचे ७ ते १०, पायाचे १० ते १४, मधुमेह असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा. सोबत ‘लाल झालं, सुजलं, पू आला, ताप आला तर लगेच या’ हे तोंडी सांगायचं आणि लिहूनही द्यायचं. मधुमेहाच्या पायाची जखम मात्र कधीच पुढे ढकलायची नाही, ती त्या दिवशी उघडून बघायचीच. एवढ्याने आठाची चार ड्रेसिंग होतात, ४८ मिनिटं वाचतात.

दुसरी ओळ सलाईनची. ‘अंगात ताकद नाही, एक बाटली लावा’ ही मागणी आपल्याकडे नवी नाही. ज्याला पिता येतं, उलटी थांबली आहे, जो शुद्धीवर आहे आणि लघवी होते आहे, त्याला ओआरएस. एक मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, एकदम, अर्धं-अर्धं नाही. २४ तासांनंतर उरलेलं टाकून द्यायचं. पाकीट ग्लासात कालवून देणारे खूप आहेत. त्याने मीठ-साखरेचं प्रमाण तिप्पट-चौपट होतं आणि जुलाब वाढतात. म्हणून लिटरची रिकामी बाटली हातात देऊन दाखवायचं. एका सिस्टरवर एका वेळी दोन सलाईन, तिसरी नाही. तिसऱ्याला खरंच गरज असेल तर तो ॲडमिट करायचा पेशंट आहे, त्याला पुढे पाठवायचं. चाराची दोन सलाईन होतात, आणखी २० मिनिटं वाचतात.

आता २६७ मधून ६८ गेले, राहिले १९९. हातात ४१ मिनिटं आली. ही ४१ मिनिटं आणखी पेशंट घ्यायला वापरायची नाहीत. ती छातीत दुखणाऱ्यासाठी, झटके आलेल्या मुलासाठी राखलेली असतात. एखाद्या संध्याकाळी ती वापरली गेली नाहीत, तर बरंच झालं.

नेहमीच्या बीपी-शुगरवाल्यांना दुपारीच फोन किंवा व्हॉट्सॲप जातो: ‘गोळ्या संपल्या नसतील आणि त्रास नसेल तर परवा या.’ गोळ्या संपल्या असतील तर यायचंच, खंड पडू द्यायचा नाही. हा मेसेज साडेतीनच्या आत गेला पाहिजे. खेड्यातला माणूस चार-साडेचारला घरून निघतो आणि तालुक्याला पोचलेल्याला परत पाठवणं वाईट.

वजन आणि बीपी प्रत्येकाचं होत नाही, मग कुणाचं करायचं? वजन लहान मुलांचं प्रत्येक वेळी आणि गरोदर बाईचं प्रत्येक वेळी. बीपी गरोदर बाईचं, माहीत असलेल्या बीपीवाल्याचं, डोकं दुखतं किंवा चक्कर येते म्हणणाऱ्याचं, आणि तिशीपुढच्या नव्या पेशंटचं. डिजिटल मशीन असेल तर केसपेपरवरचा मुलगाही हे करू शकतो, पण त्याला एक संध्याकाळ शिकवावं लागतं: पेशंट पाच मिनिटं बसलेला हवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला, पट्टा शर्टाच्या बाहीवर नाही. एसटी स्टँडपासून चालत आलेल्याचं दारातच बीपी घेतलं तर ते वाढलेलंच येतं, मग पुन्हा घ्यावं लागतं. खुर्ची मशीनजवळच ठेवली की बसण्याची पाच मिनिटं आपोआप होतात. वरचा आकडा १८० च्या किंवा खालचा १२० च्या पुढे गेला तर त्याने चिठ्ठी घेऊन सरळ आत जायचं, रांगेत नाही.

मुलांच्या वजनाबद्दल थोडं सविस्तर, कारण घाईत सगळ्यात जास्त गफलत इथे होते. पॅरासिटामॉल एका वेळी किलोला १५ मिग्रॅ. दहा किलोच्या मुलाला १५० मिग्रॅ. बाजारात सिरप दोन ताकदींचं मिळतं, ५ मिलीत १२५ आणि ५ मिलीत २५०. पहिल्याचे ६ मिली, दुसऱ्याचे ३ मिली. दोन्ही बाटल्यांचा रंग, चव, खोका सारखा. आई सांगते, ‘मागच्या वेळी सहा एमएल दिलं होतं’, आणि हातात बाटली असते अडीचशेची. एरवी दुसरी सिस्टर हे पकडते. ती नसेल तेव्हा एकच उपाय आहे: बाटली उजेडात धरून आकडा मोठ्याने वाचायचा, मापाच्या टोपणावर पेनाने रेघ मारून आईच्या हातात द्यायची, आणि तिच्याकडून वदवून घ्यायचं की इथपर्यंत, सहा तासांनी, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. केसपेपरवर मिलीसोबत बाटलीची ताकदही लिहायची.

केसपेपरच्या टेबलावर बसणारा माणूस त्या दिवशी सगळ्यात महत्त्वाचा असतो, कारण दार तोच बघतो. त्याने तीन प्रश्न विचारायचे: काय होतंय, कधीपासून, आणि ‘तुमनी गाडी कव्हय शे?’, म्हणजे तुमची गाडी कधी आहे. तिसरा प्रश्न शहरातल्या दवाखान्यात लागत नसेल. इथे लागतो. सातपुड्याच्या पायथ्याकडे जाणारी मुक्कामाची गाडी चुकली तर माणूस स्टँडवर रात्र काढतो, कडेवर तापाचं लेकरू असलं तरी. म्हणून आमच्याकडे चिठ्ठ्या तीन रंगांच्या आहेत. पांढरी नेहमीची. पिवळी गाडीवाल्यांची, त्यावर गाडीची वेळ. लाल म्हणजे नंबर नाही, सरळ आत. पिवळ्या चिठ्ठीवरून गावातले लोक कुरकुरतात, पण भिंतीवर ‘बाहेरगावच्या गाडीवाल्यांना आधी’ अशी पाटी लावली आणि ती रोज पाळली की आठवड्यात कुरकुर थांबते. एखाद्याला ओळखीमुळे पिवळी दिली, तर मात्र पाटीला काही अर्थ राहत नाही.

लाल चिठ्ठी कुणाला, हे त्या मुलाला पाठ असायला हवं. छातीत दुखणं, दम लागणं, ऑक्सिमीटर ९४ च्या खाली, झटका, तोंड वाकडं किंवा एक बाजू गळालेली, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप, गरोदर बाईचं रक्त जाणं किंवा डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी, साप, विंचू, फवारणीचं औषध, उन्हातून आणलेला बडबडणारा माणूस. लकव्यात रक्ताच्या गुठळीवरच्या उपचाराला त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासच असतात, आणि ते घरी त्रास सुरू झाला तेव्हापासून मोजायचे असतात, आपल्या दारात आल्यापासून नाही. त्याला तपासत बसण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवून लगेच जळगाव किंवा धुळ्याकडे काढायचं. साप चावलेल्याला इथे इंजेक्शनही देऊ नये: पाय हलू द्यायचा नाही, वर दोरी आवळायची नाही, १०८ ला फोन, आणि सापाच्या विषावरचं प्रतिविष असलेलं सरकारी रुग्णालय.

बोलीतली एक गोष्ट नव्या मुलाला मुद्दाम सांगावी लागते. म्हातारी बाई ‘जीव घाबरस’ म्हणाली की तो ‘अशक्तपणा’ लिहून पांढरी चिठ्ठी देतो. चाळिशीपुढच्या माणसाचा जीव घाबरतोय आणि घाम आलाय, तर ती लाल चिठ्ठी आहे आणि आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे. मधुमेह असलेल्यांना हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखेलच असं नाही. पावरी (सातपुड्यातल्या पावरा आदिवासींची बोली) बोलणाऱ्यांना प्रश्न कळला नाही तरी ते मान हलवतात, म्हणून ‘दुखतंय का’ न विचारता ‘कुठे, हात लावून दाखव’ म्हणायचं. सातपुड्यातल्या मुलांकडे सिकलसेलचं (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं) कार्ड असेल तर ते मागून बघायचं. कार्डावर ‘एसएस’, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेला, असं लिहिलेला मुलगा अंग दुखतं म्हणून आला, तर त्याचं दुखणं खरं आणि भयंकर असतं. त्याला गार फरशीवर ताटकळत ठेवायचं नाही. पांघरूण, पाणी, ऑक्सिमीटर आणि लाल चिठ्ठी. सोबत ताप असेल तर पुढे पाठवायची तयारी.

आता इंजेक्शनच्या खोलीत. एकटी सिस्टर असेल तर सलाईनवर नजर कशी ठेवायची हा खरा प्रश्न असतो. आम्ही बाटलीला मदत करायला लावतो. ५०० मिलीची बाटली दोन तासांत द्यायला सांगितली आहे असं समजा. साध्या सेटला एका मिलीत २० थेंब. ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब, भागिले १२० मिनिटं, मिनिटाला ८३. तेवढे मोजताना डोळा चुकतो, म्हणून १५ सेकंद मोजायचे, २१ आले की बरोबर. मग पांढऱ्या चिकटपट्टीचा एक उभा तुकडा बाटलीच्या आकड्यांशेजारी लावायचा. सहा वाजून दहा मिनिटांनी सुरू केली तर ४०० च्या खुणेवर ६.३४ लिहायचं, ३०० वर ६.५८, २०० वर ७.२२, १०० वर ७.४६ आणि तळाला ८.१०. आता खोलीत शिरताना घड्याळ आणि पट्टी एका नजरेत दिसतात. सात वाजता पाणी ३०० च्या आसपास असेल तर हात लावायची गरज नाही. ४०० वरच अडकलं असेल तर हात वाकलाय, किंवा सुईच्या जागी सूज आहे, किंवा स्टँड खाली सरकलाय. २०० च्या खाली गेलं असेल तर नातेवाइकाने चक्री फिरवली आहे, ‘लवकर संपू दे’ म्हणून. म्हाताऱ्या माणसाच्या किंवा हृदयाच्या पेशंटच्या बाबतीत हे धोक्याचं आहे, म्हणून चक्रीला हात लावू नका हे बाटली लावतानाच सांगायचं. सोबतच्या माणसाला पट्टीवरचा तळाचा आकडा दाखवून ठेवला की तोही बघतो आणि हाक मारतो.

या पट्टीमुळे दुसरी गोष्टही कळते. दोन तासांची बाटली सातनंतर लावता येत नाही, कारण नऊला शटर आहे. लावून, साफ करून, थोडा वेळ बघून सोडायचं तर पावणेसात ही शेवटची वेळ. इंजेक्शनचंही तसंच. अँटिबायोटिकचं पहिलं इंजेक्शन दिल्यावर पेशंट अर्धा तास बाकावर बसला पाहिजे, म्हणजे शेवटचं सव्वाआठला. साडेआठला आलेल्याला तेच औषध गोळीतून चालेल का हे डॉक्टरांना विचारायचं, बहुतेक वेळा चालतं. आणि त्या अर्ध्या तासात रिॲक्शन आली तर ट्रे शोधायला वेळ नसतो. एका स्टीलच्या ट्रेत ॲड्रिनलिनचं ॲम्प्यूल, सिरिंज आणि सुई एकत्र चिकटपट्टीने बांधलेली, पट्टीवर ‘मोठा माणूस ०.५ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत’ असं लिहिलेलं. ॲव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन ही ॲलर्जीवरची इंजेक्शनं त्याच ट्रेत, पण त्यांच्यानंतर. घाईत आधी ॲव्हिल भरणारे बरेच दिसतात. जीव वाचवतं ते ॲड्रिनलिन.

ऑक्सिजनच्या सिलिंडरला चावी दोरीने बांधून ठेवावी. दोन माणसांच्या दिवशी चावी हरवली तर तो धडधडीत घात आहे. बी टाइपच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर असतो, मिनिटाला ५ लिटरने पाच तास. काटा अर्ध्यावर असेल तर अडीच. इथून जळगावला जायला तासाभराहून जास्त लागतो आणि १०८ यायला वेळ लागू शकतो, म्हणून शटर उघडल्यावर पहिल्यांदा काटा बघायचा, अर्ध्याखाली असेल तर त्याच संध्याकाळी भरायला पाठवायचा.

फ्रिज हा अर्धवेळ दवाखान्याचा सगळ्यात कच्चा दुवा. सकाळची पाळी एक वाजता जाते, संध्याकाळची साडेचारला येते, आणि मधल्या साडेतीन तासांत मे महिन्याची वीज गेली तर बघायला कुणी नसतं. आत धनुर्वाताची लस, रेबीजची लस, इन्सुलिन. तापमान २ ते ८ अंश. थर्मामीटर मधल्या कप्प्यात, औषधं दारात नाहीत आणि बर्फाच्या कप्प्याला चिकटूनही नाहीत, कारण धनुर्वाताची लस आणि इन्सुलिन गोठलं की निकामी होतं, पुन्हा वितळल्यावर दिसायला तसंच दिसलं तरी. खालच्या कप्प्यात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवल्या तर वीज गेल्यावर गारवा जास्त वेळ टिकतो. आकडा आठाच्या वर दिसला तर औषध फेकायचं नाही आणि वापरायचंही नाही. पिशवीत वेगळं ठेवून वर तारीख, वेळ, आकडा लिहून डॉक्टरांना दाखवायचं. रेबीजची लस कातडीत देत असाल तर दिवस ०, ३, ७ आणि २८, दोन जागी ०.१ मिली. उघडलेली बाटली सहा-आठ तासांत संपवावी लागते, म्हणून कुत्रा चावलेल्यांना शक्यतो एकाच वेळेला बोलवायचं. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुणं हे मात्र लसीची वाट न बघता, आल्या आल्या, मागच्या नळावर. तिथे कुणी उभं राहायला नसतं, म्हणून भिंतीवर घड्याळ लावलंय आणि नातेवाइकाला सांगतो: मोठा काटा तीनवरून सहावर जाईपर्यंत.

मावशी नसेल तर कचरा कोण बघणार? पिवळ्या पिशवीत रक्ता-पुवाचा कापूस आणि गॉज, लाल पिशवीत सिरिंजचं प्लास्टिक आणि सलाईनचे सेट, पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात सुया, काचेचं निळ्या खोक्यात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार तो ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. कचऱ्याची गाडी सकाळी येते आणि मावशी नसेल तर कुणी हाती न लागून परत जाते. म्हणून मावशीची रजा कळली की पहिला फोन शेजारच्या मेडिकलवाल्या भाऊंना: पिशव्या बारकोड लावून, तोंड बांधून मागच्या खोलीत आहेत, चावी तुमच्याकडे. सांडलेल्या रक्तावर आधी जुनं कापड, वर एक टक्क्याचं हायपोक्लोराइट. बाजारातलं पाच टक्क्यांचं असेल तर २०० मिलीत ८०० मिली पाणी. अर्धा तास ठेवून मग पुसायचं. हे मिश्रण रोज नवं करायचं, कालचं निकामी.

सुई बोटाला टोचते ती अशाच दिवशी, आणि बहुतेक वेळा टोपण परत लावताना. एका हातात पुढची चिठ्ठी असते, कटर खोलीच्या दुसऱ्या टोकाला असतो, म्हणून ‘तेवढ्यापुरतं’ टोपण लावलं जातं. उपाय साधा आहे: कटर इंजेक्शनच्या टेबलावरच, हाताच्या अंतरावर, आणि डबा तीन चतुर्थांश भरला की बदलायचा. तरी टोचलीच तर साबण-पाण्याने धुवायचं, बोट दाबून पिळायचं नाही, डॉक्टरांना सांगायचं आणि त्याच संध्याकाळी सरकारी रुग्णालयात जायचं. एचआयव्ही टाळायच्या गोळ्या जितक्या लवकर तितक्या चांगल्या, शक्यतो दोन तासांत, ७२ तासांनंतर उपयोग नाही. गर्दी आहे म्हणून उद्या जाईन, असं कुणीही म्हणू नये आणि डॉक्टरांनी म्हणू देऊ नये.

बदली माणसाबद्दल. फोनमध्ये तीन-चार नावं असावीत: रिटायर झालेली सिस्टर, बाळंतपणानंतर घरी असलेली एएनएम, सकाळच्या पाळीतली कुणी. बोलावताना ‘जरा मदतीला या’ असं म्हणू नये. किती वाजता, किती वाजेपर्यंत, कोणतं काम, किती पैसे, हे फोनवरच सांगायचं आणि पैसे त्याच रात्री हातात द्यायचे. नर्सिंगची विद्यार्थिनी आली तर वजन, बीपी, ताप, नोंदी तिच्याकडे. इंजेक्शन रजिस्ट्रेशन झालेल्या सिस्टरनेच द्यायचं. आणि मावशी कितीही वर्षांची अनुभवी असली तरी तिच्या हातात सुई द्यायची नाही. गरजेपोटी हे जागोजागी चालतं, हे आम्हाला माहीत आहे. पण काही बिघडलं तर पेशंटचा जीव जातो आणि पोलिसांपुढे ती बाई उभी राहते, जिला कुणी शिकवलेलंही नाही. नव्या माणसाला सापडावं म्हणून कपाटाच्या प्रत्येक खणावर आत काय आहे ते मोठ्या अक्षरात लिहिलेलं हवं. पाचला सुरू करायचं असेल तर तिला पावणेपाचला बोलवून फक्त चार जागा दाखवायच्या: ॲड्रिनलिनचा ट्रे, ऑक्सिजन, हात धुवायचा नळ, सुईचा डबा.

शेवटची दहा मिनिटं वहीची. अर्धवेळ कामात सकाळची आणि संध्याकाळची माणसं एकमेकींना भेटतच नाहीत. त्यात मधली एक गळली की वहीशिवाय दुसरा धागा राहत नाही. ‘ड्रेसिंग केलं’ एवढं लिहिलेलं सकाळच्या सिस्टरला काही सांगत नाही. असं लिहावं: ‘उजवी नडगी, चार टाके, जुनी गॉज ओली, पू नाही, कडेला लाली रुपयाएवढी, पेनाने रेघ मारली आहे. लाली रेघेबाहेर गेली तर डॉक्टरांना दाखवणे. टाके मंगळवारी.’ इंजेक्शनचा कोर्स चालू असेल तर ‘पाचातलं तिसरं दिलं, डाव्या बाजूला’. शुगर ७० च्या खाली आलेल्याला साखर दिली असेल तर किती आणि नंतरचा आकडा: ‘८.०५ ला ६२, तीन चमचे साखर पाण्यातून, ८.२० ला ९४, जेवायला सांगून सोडलं.’ मग फ्रिजचा आकडा, सिलिंडरचा काटा, संपत आलेलं सामान. ‘स्ट्रिप संपल्या’ नाही, ‘स्ट्रिप ७ उरल्या’, म्हणजे सकाळचीला मागवायला वेळ मिळतो. आणि पुढे ढकललेली कामं नावानिशी: आज न केलेली चार ड्रेसिंग कुणाची, परवा बोलावलेले बीपीवाले कोण. ही ओळ राहिली तर ढकललेलं काम कायमचं हरवतं, आणि तो पेशंट दहा दिवसांनी चिघळलेला पाय घेऊन परत येतो.

वही फ्रिजवर ठेवायची, टेबलाच्या खणात नाही. सकाळी येणारी आधी फ्रिजचाच आकडा बघते.